त्रिकोण सगळीकडे सारखा का निघत नाही?

पडद्यावर एक त्रिकोण काढायचा आहे. तीन कोपऱ्यांच्या जागा ठरल्या आहेत, आत भरायचा रंग ठरला आहे. हीच सूचना विंडोजच्या लॅपटॉपला द्या, ॲपलच्या मॅकला द्या, लिनक्सच्या संगणकाला आणि अँड्रॉइड फोनला द्या. चारही ठिकाणी त्रिकोणच दिसेल. पण ही चित्रं खूप मोठी करून एकमेकांवर ठेवली, तर कडेचे काही ठिपके जुळतीलच असं नाही. एका यंत्रावर भरलेला ठिपका दुसऱ्यावर रिकामा असू शकतो, तिसऱ्यावर त्याची छटा किंचित फिकी असू शकते. भूमिती तर चारही ठिकाणी तीच आहे. मग फरक येतो कुठून?

आणि फरक येत असेल, तर ‘आमचं सॉफ्टवेअर सगळीकडे चालतं’ असं सांगण्याआधी ते तपासायचं कसं? रस्त्यांचे नकाशे, हवामानाचे आलेख, रुग्णालयातल्या स्कॅनच्या प्रतिमा, गेम, रोजची वर्तमानपत्रं, हे सगळं आपण आज पडद्यावर पाहतो आणि त्यावरून निर्णय घेतो. पडद्यावरचं चित्र बरोबर आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच फक्त प्रोग्रामरचा राहिलेला नाही.

हमी कुणी दिलीच नव्हती

चित्राचं वर्णन घेऊन त्याचे रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल, तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला रेंडरर म्हणतात. यातलं कष्टाचं काम बहुतेक वेळा ग्राफिक्स चिप करते आणि रेंडरर तिला सूचना देतो. या सूचना ठरलेल्या भाषेत द्याव्या लागतात. अडचण अशी, की अशा भाषा अनेक आहेत.

सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची स्वतःच्या यंत्रांसाठी आयरिस जीएल नावाची व्यवस्था होती. तिच्यावरून १९९२ मध्ये ओपनजीएल हे सर्वांसाठीचं मानक तयार झालं. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये डायरेक्टथ्रीडी आणलं. ॲपलने २०१४ मध्ये मेटल जाहीर केलं. ओपनजीएल सांभाळणाऱ्या ख्रोनोस ग्रुपने २०१६ मध्ये वल्कन प्रसिद्ध केलं. आज विंडोजची घरची भाषा डायरेक्टथ्रीडी, ॲपलची मेटल, आणि लिनक्स व अँड्रॉइडवर वल्कन आणि ओपनजीएलचं कुटुंब नांदतं.

रेंडररने दिलेली सूचना आधी ड्रायव्हरकडे जाते. ड्रायव्हर हा चिप ओळखणारा प्रोग्राम. तो सूचनेचं त्या विशिष्ट चिपला कळेल असं रूपांतर करतो. चिप ठिपके रंगवते. मग ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्या खिडक्यांची चित्रं एकत्र करून पडद्याकडे पाठवते. या प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या लोकांनी वेगळे निर्णय घेतलेले असतात.

ओपनजीएलच्या नियमावलीचं परिशिष्ट याबाबत स्पष्ट आहे. ही नियमावली पिक्सेलपर्यंत काटेकोर नाही आणि दोन वेगळ्या यंत्रांवरची चित्रं तंतोतंत जुळतील याची हमी ती देत नाही, असं तिथे नोंदवलेलं आहे. ही सूट जाणूनबुजून ठेवलेली आहे. एकेका ठिपक्यापर्यंत सक्ती केली असती, तर चिप बनवणाऱ्यांना वेग वाढवण्याच्या नव्या वाटा शोधता आल्या नसत्या. आपल्याला परवडणाऱ्या फोनमध्ये सफाईने हलणारं चित्र दिसतं, त्यात या सुटीचा वाटा आहे. किंमत एवढीच, की सारखेपणा आपोआप मिळत नाही. तो मुद्दाम तपासावा लागतो.

कडेचा ठिपका कुणाचा?

दोसुतीच्या कापडावर क्रॉस स्टिचने तिरकी रेघ भरायची असेल, तर ती पायऱ्यापायऱ्यांनीच जाते. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला सोडायचा, हे भरणारीला ठरवावं लागतं. त्रिकोणाचे पिक्सेल करतानाही हेच होतं. ठिपक्याचा मध्यबिंदू त्रिकोणाच्या आत असेल तर तो भरायचा, बाहेर असेल तर सोडायचा. मध्यबिंदू नेमका कडेवर आला, तर?

शेजारीशेजारी असलेल्या दोन त्रिकोणांची कड एकच असते. तिच्यावरचा ठिपका दोघांनीही भरला, तर पारदर्शक रंग दोनदा चढून गडद रेघ उमटते. दोघांनीही सोडला, तर चित्राला बारीक भेग पडते. डायरेक्टथ्रीडीत यासाठी नेमका नियम आहे: कड वरची किंवा डावी असेल तर ठिपका त्या त्रिकोणाचा. ओपनजीएल फक्त एवढंच मागतं, की असा ठिपका दोघांपैकी एकानेच भरावा. कुणी, ते चिप बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. दोन्ही व्यवस्था बिनचूक आहेत, तरी चित्रं वेगळी निघू शकतात.

त्यातच कोपऱ्याची जागाही प्रत्येक यंत्र सारख्या बारकाईने मोजत नाही. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये एका पिक्सेलचे आडवे आणि उभे २५६ भाग धरले जातात. वल्कनची किमान अट १६ भागांची आहे. कोपरा जवळच्या भागावर सरकवला जातो, आणि जितके भाग कमी तितका तो जास्त सरकू शकतो. लांबलचक, बारीक त्रिकोणांमध्ये एवढासा फरकही कडेचे बरेच ठिपके बदलतो.

सतरा मिनिटांनी ठळक होणारी चूक

कडेचे ठिपके सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. आकड्यांच्या अचूकतेतून येणाऱ्या चुका मात्र ठळक दिसतात, आणि त्या पकडणं अवघड असतं.

चिपमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात. मोबाइलसाठीच्या ओपनजीएलमध्ये शेडर लिहिताना आकडा किती अचूक हवा ते सांगता येतं: कमी, मध्यम किंवा उच्च. ‘मध्यम’ लिहिलं, तर अनेक फोनच्या चिप १६ बिटांचा आकडा वापरतात, कारण त्यात वीज वाचते आणि वेग मिळतो. डेस्कटॉपची चिप मात्र तोच शब्द वाचून बहुधा सरळ ३२ बिटांचाच आकडा वापरते. प्रोग्राम लिहिणारा डेस्कटॉपसमोर बसलेला असतो. त्याला सगळं छान दिसतं.

आता समजा, शेडर पाण्याच्या लाटा हलवतो आहे आणि प्रोग्राम सुरू होऊन किती सेकंद झाले, तो आकडा ‘मध्यम’ अचूकतेने घेतो आहे. १६ बिटांच्या आकड्याची जात अशी, की तो मोठा होत जातो तसतशी त्याची पायरीही मोठी होते. ५१२ ते १०२४ या टप्प्यात पायरी अर्ध्याची आणि १०२४ च्या पुढे पूर्ण एकाची. १०२४ सेकंद म्हणजे सतरा मिनिटं आणि चार सेकंद. तिथून पुढे शेडरचं घड्याळ सेकंदाला एकदाच पुढे सरकतं, आणि सुरुवातीला सळसळणाऱ्या, मग हळूहळू अडखळू लागलेल्या लाटा आता दर सेकंदाला एक झटका देत चालतात. थोड्या वेळाच्या चाचणीत ही चूक सहज निसटते. डेस्कटॉपवर तास उलटला तरी दिसणार नाही. ती दिसते ती फोनवर, तेही वापरणाऱ्याला.

दुसरं उदाहरण जगभरच्या शेडरमध्ये पसरलेल्या एका युक्तीचं आहे. ढग, धूर, दगडाचा खडबडीत पोत काढायला यादृच्छिक वाटणारे आकडे लागतात. त्यासाठी जागेवरून काढलेल्या एका संख्येचा साइन घ्यायचा, त्याला ४३७५८.५४५३ ने गुणायचं आणि फक्त दशांशचिन्हानंतरचा भाग ठेवायचा, अशी एक ओळ वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे गेली आहे. साइनचं उत्तर किती अचूक हवं, याबाबत नियमावल्या उदार आहेत. उणे पाय ते अधिक पाय एवढ्या कोनांत वल्कनला १/२०४८ पर्यंतची चूक चालते. ही चूक ४३७५८ ने गुणली गेली, की सुमारे २१ होते. ज्या आकड्याचा फक्त दशांशानंतरचा भाग ठेवायचा आहे, त्यात २१ पर्यंतचा फरक पडला तर मूळ उत्तराचं काहीच उरत नाही. म्हणून एका चिपवरचे ढग दुसऱ्या चिपवर निराळ्या आकाराचे येतात, आणि काही फोनवर त्यांच्याऐवजी पट्टे दिसतात. या युक्तीत फरक वाढवण्याची ताकद मुळातच भरलेली आहे. ती हौशी चित्रापुरती ठीक, पण सगळ्या यंत्रांवर सारखाच नकाशा किंवा सारखंच गेमचं मैदान हवं असेल, तर पूर्णांकांवर चालणारी पद्धत वापरावी. पूर्णांकांची बेरीज-गुणाकार सगळीकडे एकच उत्तर देतात.

प्रत्येक रेंडररची कुंपणं

काही फरक अचूकतेचे नसतात, मर्यादांचे असतात. अमुक गोष्ट या यंत्रावर होतच नाही.

चित्राचा आकार घ्या. शेडरला पुरवायची प्रतिमा किती मोठी असावी, याला मर्यादा आहे. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये बाजूला १६,३८४ पिक्सेल चालतात. ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्रं काढण्याचं मानक म्हणजे वेबजीएल, २०११ मध्ये आलेलं; त्याच्या पहिल्या आवृत्तीने यंत्राकडून मागितलेली किमान क्षमता मात्र फक्त ६४ पिक्सेलची होती. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रं यापेक्षा कितीतरी जास्त देतात, पण किती जास्त, ते ज्याचं त्याचं. मोठ्या संगणकावर उघडणारा तालुक्याचा सविस्तर नकाशा साध्या फोनवर काळा चौकोन होऊन बसतो, त्याचं एक कारण हे असू शकतं.

रेघेची जाडी हे आणखी एक नमुनेदार उदाहरण. वेबजीएलमध्ये रेघ किती जाड हवी ते सांगण्याची सोय आहे. पण विंडोजवर ब्राउझर या सूचना थेट चालवत नाहीत. गूगलने सुरू केलेलं अँगल नावाचं सॉफ्टवेअर त्यांचं डायरेक्टथ्रीडीत रूपांतर करतं, आणि डायरेक्टथ्रीडीत जाड रेघ नावाची गोष्टच नाही. नियमावलीप्रमाणे जाडी १ पर्यंतच दिली तरी चालतं, म्हणून त्याला चूकही म्हणता येत नाही. लिनक्सवर पाच पिक्सेलची ठसठशीत दिसणारी आलेखाची रेघ विंडोजवर केसासारखी बारीक होते. जाणकार म्हणूनच जाड रेघ दोन त्रिकोणांनी काढतात. त्रिकोण सर्वांना येतात.

मॅकची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. तिथे ओपनजीएल ४.१ या आवृत्तीवर थांबलं, आणि ही आवृत्ती २०१० ची. चिपकडून चित्राशिवाय इतर हिशेब करून घेणारे कॉम्प्यूट शेडर ४.३ मध्ये, २०१२ साली आले. ते मॅकच्या ओपनजीएलला कधीच मिळाले नाहीत. २०१८ मध्ये ॲपलने ओपनजीएल कालबाह्य ठरवून मेटलकडे वळायला सांगितलं. वल्कनही मॅकबरोबर येत नाही. त्याचं मेटलमध्ये रूपांतर करणारं मोल्टनव्हीकेसारखं सॉफ्टवेअर वापरावं लागतं.

दिशांवरही एकमत नाही. ओपनजीएल उंची खालून वर मोजतं, डायरेक्टथ्रीडीत प्रतिमेचा आरंभबिंदू डावीकडे वर असतो, आणि वल्कनमध्ये उभा अक्ष खाली जातो. खोली ओपनजीएल उणे एक ते एक धरतं, डायरेक्टथ्रीडी, वल्कन आणि मेटल शून्य ते एक. म्हणून एका व्यवस्थेवरून दुसरीवर नेलेल्या प्रोग्रामचं पहिलं चित्र पुष्कळदा उलटं येतं, किंवा त्याचा जवळचा अर्धा भाग गायब असतो.

वेळेचीही मर्यादा आहे. विंडोजमध्ये चिपने एखाद्या कामाला साधारण दोन सेकंदांहून जास्त वेळ घेतला आणि मध्ये थांबायलाही ती तयार नसली, तर ती अडकली असं समजून ड्रायव्हर पुन्हा सुरू केला जातो. दमदार चिपवर अर्ध्या सेकंदात होणारा हिशेब जुन्या लॅपटॉपवर तीन सेकंद चालला, तर चित्र हळू येत नाही, येतच नाही.

काही मर्यादा कागदावर छापताना समोर येतात. शास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरातलं मॅटप्लॉटलिब हे आलेख काढण्याचं सॉफ्टवेअर एकच आलेख अनेक रूपांत देऊ शकतं. पण पोस्टस्क्रिप्ट या रूपात अर्धपारदर्शक रंग येत नाहीत, ते पूर्ण अपारदर्शक होतात. पडद्यावर एकमेकांतून दिसणारे दोन आलेख त्या फाइलमध्ये एकमेकांना झाकून टाकतात. मॅटप्लॉटलिब तशी सूचना देतं, हे त्याचं मोठेपण. जी मर्यादा मोठ्याने सांगितली जाते, ती निभावून नेता येते. गप्प बसणारी मर्यादा चुकीचा निष्कर्ष छापून मोकळी होते.

अक्षरांचं दुखणं

पडद्यावर आपण सर्वांत जास्त पाहतो ती अक्षरं, आणि ऑपरेटिंग सिस्टीममधला फरक सर्वांत ठळक दिसतो तोही अक्षरांत. विंडोजने अक्षराच्या रेघा पिक्सेलच्या चौकटीत नीट बसवण्यावर भर दिला. त्यामुळे लहान अक्षर धारदार दिसतं, पण त्याचा मूळ आकार थोडा बदलतो. ॲपलने अक्षर रेखाटणाऱ्याने दिलेला आकार जपला, त्यामुळे तिथे ते जरा जाड आणि मऊ दिसतं. विंडोजच्या क्लिअरटाइपने पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या उजळून कड गुळगुळीत केली. ॲपलही असंच काही करत असे, पण २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ते थांबलं. पूर्वी तर उजळपणाचं मापही वेगळं होतं. २००९ पर्यंत मॅक १.८ गॅमा धरत असे आणि विंडोजच्या जगात २.२ रूढ होता, त्यामुळे एकच छायाचित्र मॅकवर उजळ आणि विंडोजवर गडद दिसे.

मराठी वाचकाला हे दुखणं आणखी जवळून माहीत आहे. देवनागरीत अक्षर साठवण्याचा क्रम आणि काढण्याचा क्रम एक नसतो. ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी, काढताना आधी वेलांटी. ‘र्क’ मधला र साठवताना पहिला, काढताना शेवटी डोक्यावर. जोडाक्षरांसाठी फाँटमध्ये वेगळे आकार शोधावे लागतात. हे काम करणारा भाग रेंडररच्या आधी चालतो, आणि तो नसला किंवा चुकला की पडद्यावर सुटे हलन्त आणि भरकटलेल्या वेलांट्या दिसतात. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांमध्ये हे काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. त्याच्या विकासकांनी भारतीय लिप्यांसाठी केलेली चाचणी आदर्श म्हणावी अशी आहे. विकिपीडियातून शब्दांच्या मोठ्या याद्या काढून, विंडोज तेच शब्द कसे जुळवतं त्याच्याशी आपला निकाल त्यांनी ताडून पाहिला. दोन-चार नमुन्याच्या वाक्यांवर समाधान न मानता, माणसांनी खरोखर लिहिलेले शब्द त्यांनी घेतले.

मराठीची आणखी एक खास परीक्षा आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र आडव्या डुलणाऱ्या रेघेसारखा यायला हवा, रफार होऊन डोक्यावर जाता कामा नये. तसंच मराठीतले ल आणि श हिंदीच्या वळणाहून वेगळे आहेत. अनेक फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे ही खूण रेंडररपर्यंत पोचली, तरच मराठी वळण निवडलं जातं. मधल्या एखाद्या टप्प्यावर ती खूण गळाली, तर पान ‘चालतं’, कुठे चूक दाखवत नाही, फक्त मराठी माणसाला ते परकं दिसतं. मराठी न येणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून हा दोष दर वेळी सुटेल. म्हणून मराठी मजकुराच्या चाचणीत मराठी वाचणारा माणूस हवाच.

जुळवून पाहायचं कसं?

सरळ उपाय म्हणजे बरोबर चित्र एकदा साठवायचं आणि पुढच्या प्रत्येक चित्राशी ते ताडायचं. २००५ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने ब्राउझरसाठी आणलेली ॲसिड टू चाचणी अशीच होती. ब्राउझरने नियम नीट पाळले तर पडद्यावर हसरा चेहरा उमटायचा, नाहीतर तो विस्कटायचा. ब्राउझर बनवणाऱ्यांना कामाला लावण्यात तिचा मोठा हात होता.

पण साठवलेल्या चित्राची एक अडचण आहे. विंडोजवर काढलेलं ‘बरोबर’ चित्र मॅकवर कधीच जुळणार नाही, कारण अक्षरंच वेगळी. प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळं चित्र साठवलं, तर अक्षरं काढण्याची पद्धत किंचित बदलली तरी शेकडो चाचण्या एका दिवसात नापास होतात. मग माणसं कंटाळून, न बघता सगळी चित्रं नवी करून टाकतात आणि चाचणीचा अर्थच संपतो.

ब्राउझरच्या जगाने यावर सुरेख तोड काढली. एकच चित्र दोन वेगळ्या मार्गांनी काढायचं, दोन्ही त्याच यंत्रावर, आणि ती दोन एकमेकांशी ताडायची. समजा, एक हिरवा चौकोन नव्या, गुंतागुंतीच्या मांडणीने काढला आणि तोच चौकोन साध्या, खात्रीच्या पद्धतीनेही काढला. यंत्र कुठलंही असो, दोन्ही चौकोन जुळायलाच हवेत. यंत्रायंत्रातला फरक दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि कटून जातो. अक्षरांचा त्रास टाळायला एहेम नावाचा खास फाँट वापरतात. त्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर म्हणजे एक भरीव चौकोन. त्यामुळे कड गुळगुळीत करण्याच्या पद्धतीचा प्रश्नच येत नाही.

काही ठिकाणी फरक चालवून घ्यावाच लागतो. तिथे वेबच्या चाचण्या दोन आकडे लिहून ठेवतात: एका पिक्सेलचा रंग जास्तीत जास्त किती बदललेला चालेल, आणि असे किती पिक्सेल चालतील. दोन्ही आकडे लागतात. सगळ्या चित्राची छटा कणभर बदलणं आणि मोजकेच ठिपके काळ्याचे पांढरे होणं, हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. सरसकट सरासरी काढली तर घात होतो. हजार गुणिले हजारच्या आलेखात दहा लाख पिक्सेल असतात. त्यातल्या ‘१.५’ मधला दशांशबिंदू तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ पिक्सेलचा. तो गळला तर सरासरीत काहीच कळणार नाही, आणि वाचणारा मात्र १५ वाचेल.

मॅटप्लॉटलिबने निराळा मार्ग घेतला. अक्षरं काढणाऱ्या फ्रीटाइप या सॉफ्टवेअरची २.६.१ ही एकच आवृत्ती त्यांनी चाचण्यांसाठी अनेक वर्षं धरून ठेवली, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरांचे ठिपके सारखे यावेत. याच विचाराने अनेक प्रकल्प चिपला बाजूला ठेवून, मुख्य प्रोसेसरवर चित्र काढणारे रेंडरर चाचणीत वापरतात: लिनक्सवर मेसाचा एलएलव्हीएमपाइप, गूगलचा स्विफ्टशेडर, मायक्रोसॉफ्टचा वार्प. ते संथ असतात, पण त्यांचं वागणं स्थिर असतं. आपण काल केलेल्या बदलाने चित्र बिघडलं का, हे त्यांच्याकडून नेमकं कळतं. एखाद्या फोनच्या ड्रायव्हरमध्ये चूक आहे का, हे मात्र कधीच कळत नाही. त्यासाठी तो फोनच हातात हवा.

ड्रायव्हर तपासण्याचं काम स्वतंत्रपणे चालतं. ख्रोनोसच्या अधिकृत चाचण्या पार केल्याशिवाय कुणालाही आपलं उत्पादन मानकाप्रमाणे आहे असा दावा करता येत नाही. फिनलंडच्या ड्रॉएलिमेंट्स या कंपनीने अशाच चाचण्यांचा मोठा संच उभा केला होता. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि तो संच खुला होऊन अँड्रॉइडच्या तपासणीचा भाग झाला.

सर्वांत बुद्धिमान युक्ती लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये ॲलस्टर डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी वापरली. शेडरचं बरोबर चित्र कुठलं, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नसेल तर तपासायचं कसं? त्यांनी शेडरमध्ये असे बदल केले ज्यांनी अर्थ बदलू नये: एखाद्या आकड्यात शून्य मिळवायचं, कधीच खरी न ठरणारी अट घालायची, एखादी ओळ एकदाच फिरणाऱ्या आवर्तनात गुंडाळायची. चित्र तेच राहायला हवं. ते बदललं, तर शेडरचं रूपांतर करणाऱ्या ड्रायव्हरमध्ये चूक आहे. या मार्गाने निरनिराळ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरमधल्या चुका सापडल्या. त्यातून उभी राहिलेली ग्राफिक्सफझ ही कंपनी २०१८ मध्ये गूगलने घेतली.

फरकाचा पाठलाग

हे बारीक फरक निरुपद्रवी नाहीत. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या कीटन मोवेरी आणि होवाव शाकम यांनी दाखवलं, की वेबपानाने गुपचूप थोडा मजकूर आणि एक त्रिमिती चित्र काढून त्याचे पिक्सेल वाचले, तर त्यातून ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर, फाँट आणि चिप यांचा माग लागतो. कुकी पुसल्या तरी हा ठसा राहतो. म्हणूनच टॉर ब्राउझर असे पिक्सेल वाचू देण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी मागतो. रेंडररमधला सारखेपणा हा असा खाजगीपणाचाही प्रश्न आहे.

कोणता फरक चालेल, हे आधी ठरवा

चार ऑपरेटिंग सिस्टीम, प्रत्येकीवर तीन प्रकारच्या चिप, तीन ब्राउझर आणि पडद्याची दोन मापं धरली तरी ७२ जोड्या होतात. ड्रायव्हरच्या आवृत्त्या त्यात धरलेल्याच नाहीत. सगळं तपासणं कुणालाही शक्य नाही. निवड करावी लागते, आणि ती निवड सहसा चुकीच्या बाजूने होते: ज्या संगणकावर सॉफ्टवेअर लिहिलं, त्याच्यासारख्याच आणखी दोन संगणकांवर ते तपासलं जातं. भारतात बहुतेक लोक इंटरनेट फोनवरच वापरतात, आणि अनेकांचे फोन स्वस्तातले, काही वर्षं जुने असतात. अशा फोनला नवे ड्रायव्हर क्वचित मिळतात, त्यामुळे विकताना असलेली चूक शेवटपर्यंत राहते. चाचणीची सुरुवात या फोनपासून व्हायला हवी. दुबळ्या यंत्रावर नीट दिसणारं चित्र दमदार यंत्रावर सहसा बिघडत नाही. उलट मात्र रोज घडतं.

प्रोग्रामने यंत्राची क्षमता गृहीत धरू नये, विचारून घ्यावी. प्रतिमा किती मोठी चालेल, आकडे किती अचूक आहेत, अमुक सोय आहे का, याची उत्तरं देण्याची व्यवस्था बहुतेक ग्राफिक्स मानकांत असते. उत्तर नकारार्थी आलं तर साधं पण बरोबर चित्र दाखवावं आणि काय वगळलं ते सांगावं. वापरणाऱ्यानेही तक्रार करताना ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर थांबू नये. पडद्याचं चित्र, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, ग्राफिक्स चिपचं नाव आणि पडद्याचं मोठेपण किती टक्के ठेवलं आहे, एवढं कळवलं तर ती तक्रार सुटण्याची शक्यता कितीतरी वाढते.

मुख्य गोष्ट त्याहून साधी आहे. ‘सारखं दिसलं पाहिजे’ म्हणजे काय, ते चाचणी लिहिण्याआधी ठरवावं लागतं. गेममधल्या ढगाचा आकार बदलला तर कुणाचं काही जात नाही. कडेचा ठिपका फिका झाला तर कुणाला कळतही नाही. पण आलेखातला दशांशबिंदू, नकाशातली सीमा, स्कॅनमधली बारीक गाठ आणि मराठीतला अर्धा र, यांत एका ठिपक्याचीही सूट देता येत नाही. हे यंत्र ठरवू शकत नाही. कारण चित्र कशासाठी काढलं आहे हे यंत्राला माहीत नसतं, ते काढायला सांगणाऱ्याला माहीत असतं. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाने ‘सगळीकडे चालतं’ या दाव्याऐवजी दोन याद्या द्याव्यात: कोणकोणत्या यंत्रांवर तपासलं, आणि कोणता फरक चालवून घेतला. अशा याद्या मागण्याचा हक्क वापरणाऱ्यांना आहे, आणि त्या देता येण्याएवढं ज्ञान आणि साधनं आज उपलब्ध आहेत.